पीपलकोटीच्या पुढं दरड त्याच त्याच जागी का पडते? आणि आमच्या पाटणात?

घाटातला_गाडीवान

राम राम मंडळी. मी पाटण तालुक्यातला, मोरणेच्या खोऱ्यातला. स्वतःची सतरा सीटर गाडी आहे. अकरा वर्षं झाली, दर साल निदान दोन ट्रिपा बद्री-केदारच्या होतात. शिक्षण दहावीपर्यंत, त्यामुळं उत्तर जरा सोप्या भाषेत द्या ही विनंती.

यंदा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बद्रीनाथच्या वाटेवरच्या पीपलकोटीत दोन रात्री अडकलो. गाडीत चौदा माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. एका काकूंचं इन्सुलिन थंड ठेवायला हॉटेलवाल्याकडं चार वेळा बर्फ मागितला, बिचाऱ्यानं एक पैसा घेतला नाही. पुढं पागल नाल्यात मलबा येऊन रस्ता बंद झालेला. तिसऱ्या दिवशी सकाळी एकेरी वाहतूक सुटली. ऊन लख्ख पडलेलं, आदल्या दिवसापासून पावसाचा थेंब नाही, तरी वरून खडे गळत होते. आधी हरभऱ्याएवढे, मग नारळाएवढे. पोलीस शिट्टी मारायचा, की एक गाडी पळवायची.

मी डायरी ठेवतो. कुठं थांबलो, किती तास, डिझेल किती. परत आल्यावर सगळ्या वर्षांच्या डायऱ्या काढून बसलो, तर बहुतेक नोंदी चारच जागांच्या निघाल्या: सिरोबगड, पागल नाला, हेलंगच्या अलीकडची वळणं आणि पांडुकेश्वरच्या पुढचं लामबगड. मधल्या कित्येक किलोमीटरमध्ये तितकाच उभा डोंगर, तितकाच पाऊस, पण तिथं काही होत नाही. असं का?

हॉटेलवर एक इंजिनिअर भेटले. ते एवढंच म्हणाले, "नीचे से फॉल्ट जाता है." फॉल्ट शब्द आम्हाला नवा नाही. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात माझी आजी पोरांना घेऊन पहाटे अंगणात पळाली होती, तिच्या तोंडून ऐकलेलं आहे. आणि २०२१ च्या जुलैत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आंबेघर आमच्यापासून लांब नाही. मी दुसऱ्या दिवशी चिखलात उतरलो होतो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तर माझा प्रश्न: जमिनीखालचा फॉल्ट वरची दरड कशी काय पाडतो? तिथली आणि आमची गोष्ट एकच आहे का? आमच्या घराच्या वरच्या माळावर गेल्या पावसाळ्यात एक भेग पडलीय, म्हणून विचारतोय.

पागल नाल्याजवळून एक दगड आणलाय. राखाडी, चकाकतो, आणि अंगठ्यानं दाबला की पापुद्रे निघतात.


हातोडा_आणि_होकायंत्र

दादा, तुमच्या त्या दगडातच निम्मं उत्तर आहे. चकाकतं ते अभ्रक. खारी बिस्किटासारखे पापुद्रे निघतात, कारण तो खडक प्रचंड दाबाखाली एकाच दिशेनं घासला, लाटला गेलेला आहे. मी १९९९ च्या मे महिन्यात, चमोलीच्या भूकंपानंतर दोन महिन्यांनी, विद्यार्थी म्हणून त्या खोऱ्यात पहिल्यांदा गेले आणि पुढं कितीतरी वर्षं कामासाठी जात राहिले. त्यामुळं सविस्तर लिहिते.

फॉल्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं भेग येते. भिंतीला तडा जावा तशी एक रेघ. हेलंगच्या आसपास तुम्ही जे ओलांडता ते तसं नाही. त्याला मुख्य मध्य क्षेपभ्रंश म्हणतात, भ्रंश म्हणजेच फॉल्ट. उत्तरेकडचा, खोलात चांगला भाजून निघालेला खडक दक्षिणेकडच्या कमी भाजलेल्या खडकावर चढत आला, आणि शंभराहून अधिक किलोमीटर सरकला. एवढं घासणं एका रेषेवर होत नाही. त्याचा काही किलोमीटर रुंदीचा पट्टा होतो, आणि तुमची गाडी तो पट्टा जवळजवळ आडवा कापत जोशीमठाकडं चढते.

जातं आठवा. वरची तळी आणि खालची तळी दोन्ही कठीण, पण मधे जे सापडतं त्याचं पीठ होतं. भ्रंशपट्ट्यात हेच झालेलं असतं. काही ठिकाणी खडकाचे हाताएवढे तुकडे, काही ठिकाणी भरड, आणि अगदी सरकत्या पृष्ठावर चक्क पीठ: राखाडी, बोटांना साबणासारखं लागणारं. पाखी गावाच्या वरच्या एका कापात माझा हातोडा मुठीपर्यंत आत गेला होता. नकाशात तिथं खडक दाखवलेला, आणि हातात आला तो ओला गोळा. हे पीठ कोरडं असताना बरंच टिकतं. भिजलं की त्याची पकड जाते आणि वरचं सगळं त्याच्यावरून घसरतं.

पाण्याचं आणखी एक आहे, आणि मला वाटतं खरी मेख इथंच आहे. पीठ झालेला थर पाणी आरपार जाऊ देत नाही. पण त्याला लागून असलेला फुटका खडक पाण्याला मोकळी वाट देतो. म्हणजे डोंगरात वरून मुरलेलं पाणी त्या थरापाशी येऊन अडतं, साचतं, आतल्या फटींतून बाहेर ढकलू लागतं. उताराला धरून ठेवणारं जे घर्षण असतं ते वजनामुळं टिकतं. आतलं पाणी त्या वजनाला उचलून धरतं, तेवढं घर्षण कमी होतं. म्हणून भ्रंशपट्ट्यात झरे एका ओळीत सापडतात. बद्रीनाथच्या तप्तकुंडात तुम्ही आंघोळ केली असेल, तपोवनचे गरम झरेही माहीत असतील. मुख्य मध्य क्षेपभ्रंशाच्या पट्ट्यात आणि त्याच्या आसपास गरम पाण्याचे झरे जागोजागी आहेत, कारण फुटक्या खडकातून पाणी खूप खोल जाऊन पुन्हा वर येऊ शकतं. ज्या वाटेनं ते पुण्य मिळतं, त्याच वाटेनं डोंगर आतून भिजतो.

आता ऊन असताना खडे का गळत होते? तुम्ही लहानपणी दिवाळीत किल्ला केला असेल. माती जराशी ओली असली की तट उभा राहतो. पाणी जास्त झालं की बसतो. आणि चार दिवसांनी पूर्ण वाळला तरी कडा झडायला लागतात. ओलाव्यानं कण एकमेकांना धरून असतात. दरडीच्या ताज्या तोंडावर तेच होतं: वरचा पातळ थर उन्हानं वाळतो, धरून ठेवणारी ओल जाते, आणि आधी बारीक खडे, मग त्यांच्या आधारावर टेकलेले मोठे सुटतात. शिवाय आत मुरलेलं पाणी पायथ्यापर्यंत पोचायला दिवस लागतात. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोठी दरड येणं तिथं नवलाचं नाही. पोलिसाची शिट्टी वाजेपर्यंत गाडी थांबवत जा, ऊन बघून निघू नका.

त्याच त्याच जागी का, तर एकदा पडलेला डोंगर बरा होत नाही. खळ्यातल्या राशीच्या बुडातून पायलीभर धान्य काढलं तर वरचं खाली येतं, रास पुन्हा त्याच उताराला येऊन थांबते. पुन्हा काढलं, पुन्हा येतं. तिथं बुडातून काढणारी अलकनंदा आहे. हिमालय अजून दाबला जातोय, वर्षाला साधारण २ सेंटिमीटर. तिथला उंच भाग वर उचलला जातो, म्हणून नदीला तिथं मोठा उतार मिळतो आणि ती तळ खात राहते. पीपलकोटीच्या वर नदी किती खोल घळीत जाते ते तुम्ही खिडकीतून बघितलंच असेल.

एक गैरसमज मात्र काढून टाका. तो भ्रंश आज दररोज सरकतोय आणि त्या धक्क्यानं दरडी पडतायत, असं नाही. त्याची मोठी हालचाल सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीची. त्यानं खडकाचं जे करून ठेवलं, त्याची किंमत आपण प्रत्येक पावसाळ्यात मोजतो. सिरोबगडही मुख्य मध्य क्षेपभ्रंशावर नाही, तो खूप खाली आहे. पण तिथंही भ्रंशालगत तुटलेला कठीण खडक आणि त्याच्यामधे मऊ पाटीसारखे थर, पायथ्याला नदीचं वळण. कृती तीच.

पाटणचं वेगळं आहे. उद्या रात्री लिहिते, कारण ते घाईत लिहायचं नाही.


सह्याद्रीप्रेमी_ठाणे

ताई, माहिती चांगली आहे, पण मला यात एक धोका दिसतो. "फॉल्ट आहे, निसर्ग आहे" म्हटलं की माणसानं डोंगर कापला ते सगळं माफ होतं. रस्ते रुंद केले, झाडं तोडली, मलबा नदीत ढकलला. दरडी त्यामुळं पडतात. दोन कोटी वर्षांपूर्वीच्या भ्रंशाला कशाला बोल लावायचा?


डोझर_नाना

मी ग्रेफमध्ये डोझर चालवत होतो, सीमा सडक संघटनेत. निवृत्त होऊन कोरेगावला असतो. जोशीमठ भागात पाच हंगाम काढलेत, त्यामुळं हातानं जे कळलं ते सांगतो.

कठीण खडकात रस्ता कापला की तो राहतो. मूठभर खडे पडतात, साफ केले की झालं. पण ताई म्हणतात त्या पट्ट्यात जेवढं काढावं तेवढं खाली येतं. सकाळी पाच तास ब्लेड चालवून वाट मोकळी करायची आणि जेवून येईपर्यंत पुन्हा ढीग. आमचे जुने सुभेदार सांगायचे, इथं पायथा जास्त खाऊ नका, जेवढी गाडी निघेल तेवढंच काढा. नवीन पोरं हौसेनं आत ब्लेड घालायची आणि वरून अख्खा पट्टा सुटायचा. म्हणून ठाण्याच्या भाऊंना सांगतो, दोन्ही खरं आहे. कापणं सगळीकडं वाईटच, पण अशा जागी कापणं म्हणजे दुखऱ्या गुडघ्यावर ओझं टाकणं.

रात्री मशीन बंद असताना डोंगराचा आवाज ऐकायचा. बारीक टकटक चालू असेल तर सकाळी माणसं खाली उभी करायची नाहीत. नाल्याचं पाणी एकाएकी कमी झालं तर अजून वाईट, म्हणजे वर कुठंतरी अडलंय.

त्यावरून एक आठवलं. आमचा कॅम्प एकदा बिरहीला होता, चमोली आणि पीपलकोटीच्या मधे, जिथं बिरही गंगा अलकनंदेला मिळते. त्या खोऱ्यात वर १८९३ च्या सप्टेंबरात डोंगराचा कडा कोसळून नदीच अडली, गोहना ताल झाला. तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी तिथं माणसं बसवली, खालपर्यंत तारेची लाइन टाकली. जवळजवळ वर्षानं, १८९४ च्या ऑगस्टात, बांध फुटला आणि खालचं गढवालातलं जुनं श्रीनगर गाव वाहून गेलं. पण तार आधीच पोचली होती, लोक हलवले होते. जीव गेले ते फक्त एका फकिराच्या घरातले पाच, हटवूनही ते परत आले होते. उरलेलं तळं १९७० च्या पुरात संपलं. हे तिथल्या चहावाल्या म्हाताऱ्यानं मला हात करून करून सांगितलं, नंतर मी वाचूनही बघितलं, खरं निघालं. एकशे तीस वर्षांपूर्वी तारेवर जमलं, ते आज मोबाइलवर का जमू नये, हा माझा प्रश्न आहे.


हातोडा_आणि_होकायंत्र

नानांनी माझं काम सोपं केलं. ठाण्याच्या दादांची काळजी रास्त आहे, पण उलट बाजूनं बघा. जागा नाजूक आहे हे माहीत असणं माणसाची जबाबदारी वाढवतं. जोशीमठ घ्या. ते गाव खडकावर बसलेलंच नाही, जुन्या मोठ्या दरडीच्या मलब्यावर बसलंय, आणि खाली हाच भ्रंशपट्टा. १९७६ मध्ये मिश्रा समितीनं हे स्पष्ट लिहिलं. पायथ्याचे मोठे धोंडे खणून किंवा सुरुंग लावून काढू नका, पाण्याचा निचरा करा, झाडं लावा. त्या धोंड्यांनीच वरचा ढीग तोलून धरला होता. २०२३ च्या जानेवारीत तिथल्या आठशेहून अधिक घरांना तडे गेले. उपग्रहाच्या मोजणीत बारा दिवसांत ५.४ सेंटिमीटर खचल्याचं आलं. सत्तेचाळीस वर्षं हातात कागद होता. मला याचा राग आहे, आणि तो भ्रंशावर नाही.

आता पाटण. गाडीवान दादा, तुमच्या खाली भ्रंश आहे हे खरं. ११ डिसेंबर १९६७ ला डोणीचावाड्याच्या पट्ट्यात जमिनीला तिरक्या भेगांची ओळच पडली होती. त्यानंतर आजपर्यंत त्या छोट्याशा टापूत ५ रिश्टरच्या पुढचे वीसहून अधिक भूकंप झालेत. पण तुमचा भ्रंश मुख्य मध्य क्षेपभ्रंशासारखा नाही. तो जवळजवळ उभा आहे, त्याच्या दोन बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकतात, आणि त्या फार थोड्या सरकल्या आहेत. त्यानं काही किलोमीटर रुंदीचं पीठ केलेलं नाही. कोयनेच्या भागात गोठणे गावी भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल भोक पाडलं, त्यात १२४७ मीटरपर्यंत आपला काळा बेसॉल्टच लागला, त्याखाली जुना ग्रॅनाइटी खडक. भूकंप होतात ते बहुतेक त्या खालच्या खडकात.

तुमच्या डोंगराची दुखणी वरच्या पंधरा-वीस मीटरमध्ये आहेत. लाव्हाचे थर एकावर एक, दोन थरांच्या मधे कुठं कुठं लाल मातीची पट्टी, ती पाणी धरते. वर सड्यावर जांभा, चाळणीसारखा, पाऊस सरळ आत घेतो. त्याच्याखाली मऊ चिकणमाती आणि कुजलेला मुरूम. आणि खाली अचानक ठणठणीत काळा पाषाण. त्या पाषाणावर हा सगळा भिजलेला गोधडीसारखा थर पसरलेला असतो. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला. तुमच्या बाजूलाही आभाळ फाटलं होतं. गोधडी पाषाणावरून सुटली. तळिये त्याच दिवसांतलं, माळीण २०१४ चं, इर्शाळवाडी २०२३ ची. तिन्ही गावं कोयनेच्या भ्रंशापासून लांब आहेत, तरी ती गेली. यातूनच कळतं की दरड पडायला खाली भूकंपाचा भ्रंश असावाच लागतो असं नाही.

मग भ्रंशाचा काहीच संबंध नाही का? आहे. दोन प्रकारे. जिथं भ्रंश आणि त्याच्या सोबतचे सांधे पृष्ठभागापर्यंत येतात तिथं खडक जास्त फुटलेला, ओढे त्या रेषा धरून वाहतात आणि सरळसोट घळी पाडतात. आणि हादऱ्यानं डोंगराच्या माथ्याला, कड्याजवळ भेगा पडतात. चमोलीत १९९९ च्या मे मध्ये मी हे डोळ्यांनी बघितलं. भूकंप मार्चमधला, दरडी काही लगेच पडून गेल्या, पण कितीतरी उतारांवर माथ्याला समांतर भेगा उघड्या होत्या. एक आजी शेणामातीनं त्या लिंपत होती. मी तिला विचारलं, हे कशाला? म्हणाली, "बरखा आने से पहले मुँह बंद करना है." माझ्या प्राध्यापकांनी मला त्यानंतर वर्षभर जे शिकवलं ते एवढंच होतं.

तुमच्या माळावरची भेग सरळ आहे की चंद्रकोरीसारखी वाकलेली, ते सांगा. टोकं खालच्या बाजूला वळलेली असतील, आणि खालचा भाग वरच्यापेक्षा बोटभर जरी खचलेला असेल, तर ती भूकंपाची नव्हे, सुटू पाहणाऱ्या उताराची भेग आहे. तिच्या खाली नवा झरा फुटलाय का, जुना झरा गढूळ झालाय का, झाडं-खांब कललेत का, दारं चौकटीत अडकायला लागलीत का, तेही बघा.


घाटातला_गाडीवान

ताई, नाना, तुमचे फार उपकार. मी ह्या वेळी रविवारी गावी गेलो. चुलते आणि मी माळावर चढलो.

भेग वाकलेली आहे. चाळीसएक पावलं लांब, दोन्ही टोकं गावाकडं वळलेली. एका जागी खालची बाजू चार बोटं खाली बसलीय, तिथं गवत हिरवंगार आणि वर सगळं पिवळं. झऱ्याला अजून स्वच्छ पाणी आहे. देवळाच्या मागचा विजेचा खांब कललाय, पण तो कधीपासून कललाय ह्यावर गावात दोन मतं पडली. दोन घरांची दारं पावसाळ्यात लागत नव्हती, आम्ही समजत होतो लाकूड फुगलंय.


हातोडा_आणि_होकायंत्र

दादा, वेळ घालवू नका. भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोका, तीन जागी, हातभर खोल. दोन खुंट्यांमधलं अंतर टेपनं मोजून तारखेसकट लिहा, तुमच्या डायरीतच. आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात रोज. भेग चिकणमातीनं ठोकून बुजवा आणि वरच्या अंगाला चर काढून पाणी बाजूच्या ओढ्याला न्या, गावावर नाही. पायथ्याला घरासाठी नवीन खोदाई कुणी करत असेल तर थांबवा. तलाठ्यांना आणि तहसीलला फोटो व मोजमापासह लेखी अर्ज द्या, त्यात "भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडून पाहणी व्हावी" हे शब्द असू द्या. पोच घ्या. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ हा नंबर दारामागं खडूनं लिहून ठेवा. खुंट्यांमधलं अंतर एका रात्रीत बोटभर वाढलं, किंवा झऱ्याचं पाणी गढूळ झालं, तर अर्जाची वाट न बघता भेगेच्या खालची सगळी घरं रिकामी करायची. शाळेत झोपा, पाव्हण्यांकडं जा, पण तिथं नाही.


डोझर_नाना

मी पुढच्या शनिवारी येतो. कोरेगावहून पाटण काय लांब नाही. चर कुठून काढायचा ते जागेवर बघू. मशीन वर चढवायचं नाही, कुदळ-फावड्यानं करू, दहा माणसं पुरतील.


घाटातला_गाडीवान

नाना येऊन गेले. चर झाला, सत्तर फूट. बारा माणसं आली, त्यात चार बाया. भेगेत दोन ट्रॉली माती ठोकून भरली. अर्ज दिला, पोच घेतली.

खुंट्यांची मापं अशी: वरची जोडी ६२ सेंटिमीटर, मधली ७१, देवळाच्या बाजूची ५८. मधल्या जोडीचं माप पोरीनं घेतलं, ती सातवीत आहे, मी बद्रीला गेलो की डायरी तिच्याकडं राहणार.